ब्रशनं पुसलेलं साल

नाणं सापडलं तेव्हा ते काळं होतं. घरी आणून पाऊण तासात मी ते पांढरंशुभ्र केलं. मला लिहायचं आहे ते त्या पाऊण तासाबद्दल. धातू शोधायचं मशीन घेऊन शेतात फिरणारी पोरं आता आमच्याकडंही दिसू लागली आहेत आणि कुठलं मशीन घेऊ म्हणून मला विचारायला येतात. मशीनचं सांगतो, पण आधी ब्रशचं ऐका.

आमचं राजेश्वर सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, बसवकल्याण तालुक्यात. कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. पलीकडं कलबुर्गी, तिथं 1347 साली बहमनी गादी बसली आणि पुढच्या शतकात ती बीदरला हलली. फौजा, सावकार, बैलांचे तांडे, सगळे याच मुलखातून येत-जात होते. त्यामुळं पाळी घालताना खापरं, मणी, तांब्याची झिजलेली चकती वर येणं याचं आम्हाला लहानपणी नवल वाटत नव्हतं. पोरं त्या चकत्या सुपारीसारख्या नेम मारायला वापरायची. मीही वापरल्या आहेत.

मशीन मी ऑनलाइन मागवलं, दहा हजारांच्या आतलं. पहिले दोन महिने पदरात पडलं ते असं: बैलांच्या पत्र्या आणि त्यांचे खिळे, मोटारीच्या केबलचे तुकडे, ट्रॅक्टरचे नट, बाटल्यांची झाकणं. माळावरच्या तांबड्या जांभ्यात लोखंड इतकं असतं की हलकं मशीन पावला-पावलाला ओरडतं आणि खाली काही नसतं. काळीत ते शांत चालतं, मात्र काळीची वेगळीच खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू खाली जाते, पावसात माती फुगते आणि खालचं वर येतं. म्हणून वस्तू किती खोल सापडली यावरून ती किती जुनी हे काळीत सांगता येत नाही. हे मला नंतर कळलं.

त्या खिळ्यांमध्ये एक हाली रुपया मात्र मिळाला. निजामाच्या राज्यातला, चारमिनारवाला. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं, मीम असेल तर महबूब अली, ऐन असेल तर उस्मान अली. आमच्या आजीच्या तोंडी हाली आणि कलदार हे हिशेब शेवटपर्यंत होते, सहा कलदारांना सात हाली. तो रुपया घरात सगळ्यांनी हाताळला, पोरांनी दगडावर वाजवून पाहिला, आणि काही बिघडलं नाही. त्यानं मी शेफारलो.

मृगाचा पाऊस पडून गेला होता, पेरणी व्हायची होती. ओल्या मातीत इशारा चांगला येतो म्हणून अण्णांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, रानात गेलो. बांधापासून थोडं आत मशीन असं वाजलं की मी गुडघ्यावरच बसलो. खुरप्यानं वीतभर उकरलं. काळी, जाडसर, त्या हाली रुपयाहून जरा लहान पण हाताला जड चकती. दोन्ही बाजूंना नुसती अक्षरं. तेव्हाच थांबून चारी बाजूंचा एकेक फोटो काढला असता, बांधापासून पावलं मोजली असती, तर निम्मं वाचलं असतं. मी खड्डा पायानं बुजवला आणि पळत सुटलो.

वाटेत तीन जणांनी तीन भाषांत विचारलं. "काय सापडलं रे?" "एन सिक्तु?" "क्या मिल्या भई?" मी तिघांनाही खरं सांगितलं.

घरी चिंचेचं पाणी केलं, त्यात नाणं टाकलं, मग दंतमंजन आणि जुना ब्रश. काळं पाणी मोरीत गेलं. खालून चांदी हसली तेव्हा घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हेही लिहून ठेवतो. आणि हे आमच्या बीदर जिल्ह्यात! इथले कारागीर किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून जस्ताच्या भांड्याला काळं करतात, तेव्हा त्यात बसवलेली चांदी उठून दिसते. काळ्याची किंमत कळण्यासाठी मला लांब जायला नको होतं.

मातीत पडलेल्या चांदीवर गंधकाचा काळा थर चढतो. तिच्यात तांबं मिसळलेलं असेल तर ते बाहेर सुटून हिरवं दिसतं, मिठाची माती असेल तर चांदी राखाडी, शिंगासारखी होते. शेकडो वर्षांत अक्षरांचा वरचा पापुद्राच या थरात मुरलेला असतो. मंजनात खरखरीत भुकटी असते, ती आधी उंचवट्यावर घासली जाते. नाण्यावर उंचवटे म्हणजे अक्षरंच.

चार दिवसांनी सोलापुरातल्या एका जाणकारांकडं गेलो. त्यांनी नाणं कडेनं धरलं, बोट पृष्ठावर टेकू दिलं नाही, वजन केलं, भिंग लावलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बहमनी टंका आहे, चांदीचा. अकरा ग्रॅमच्या आसपास असतात, तेवढाच आहे. पण तुम्ही नाणं पुसलंत की साल पुसलंत?"

त्यांनी समजावलं ते असं. बहमनी नाण्यावर चित्र नसतं, नाव, पदव्या, टांकसाळ आणि हिजरी साल असतं. आणि या घराण्यात नावं पुन्हा पुन्हा येतात, मुहम्मदशहाच तीन. नुसत्या नावावरून कुठला ते ठरत नाही. ठरवायचं ते सालावरून, किंवा टांकसाळीवरून: अहसनाबाद असेल तर कलबुर्गी, मुहम्मदाबाद असेल तर बीदर. माझ्या नाण्यावर 'शाह' स्वच्छ राहिलं होतं. कडेचा मजकूर गेला होता.

अर्थात सराफाकडं न गेल्याबद्दल त्यांनी पाठ थोपटली. सराफाचा काटा वजन सांगतो, पुढं मूस असते. ही भीती आजची नाही. विजापुरात बसून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्यानं नोंदवलं आहे की पहिल्या मुहम्मदशहाच्या काळात सराफ बहमनी नाणी वितळवत होते, विजयनगरचे होन तेवढे चालावेत म्हणून. सुलतानानं त्यांची भयंकर कत्तल केली असंही तो लिहितो. कारण खरं किती, कोण जाणे. पण चांदीचे बहमनी टंके आज हाती फार का येत नाहीत, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडतो.

आता कायद्याचं. सापडलं ते माझं, असं नसतं. महाराष्ट्रात 1878 चा निखात निधी कायदा चालतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर काय, कुठं आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, आणि सापडणाऱ्याचा हिस्साही जातो. कळवलं आणि धनाला कुणी मालक निघाला नाही, तर त्या कायद्यात सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी सांगितली आहे. सरकारला हवं असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते घेता येतं. आमच्या कर्नाटकाचा स्वतःचा कायदा 1962 चा आहे, त्यातही डीसी साहेबांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, कळवणं चुकत नाही. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत खोदकामात सापडलेली 216 सोन्याची नाणी मजुरांनी घरी नेली होती, ती शेवटी पोलिसांनीच बाहेर काढली. गाठोडं कितीही घट्ट बांधा, तोंड सैल असतंच.

शंभर वर्षांवरच्या नाण्याला 1972 चा पुरावस्तू कायदाही लागतो. देशाबाहेर न्यायचं नाही, परवान्याशिवाय धंदा करायचा नाही. आणि संरक्षित किल्ला, देऊळ, त्याभोवतीचे शंभर मीटर, तिथं मशीन घेऊन पाऊलही टाकू नका. कल्याणच्या किल्ल्याकडं जाऊ का, असं विचारणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो.

आमच्या घरात कायद्याच्या आधी भावकी उभी राहिली. अण्णा म्हणाले, "रान माझं." बरोबरच होतं. त्यांना न विचारता गेलो होतो. आधी विचारलं असतं आणि दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर सहा महिने अबोला झाला नसता. तोवर रात्री बॅटऱ्या घेऊन लोकांनी त्यांचं रान चाळणीसारखं केलं. एक बाबा येऊन गावात पायाळू माणूस कोण आहे याची चौकशी करू लागला. गुप्तधनासाठी असले प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं आणि आमच्याकडं 2017 च्या कायद्यानं गुन्हा आहेत, हे मी त्याला हमरस्त्यापर्यंत सोडता सोडता सांगितलं.

नाणं आम्ही अर्जासोबत जमा केलं, अण्णांची आणि माझी सही. अर्जात 'नेमकी जागा' या ओळीपुढं मी सर्वे नंबर लिहिला आणि थांबलो. दहा एकरांत कुठं, ते मलाच सांगता येईना. तोवर तूर कमरेला आली होती. शेजारी घराची जोती होती की वाट, एकटं नाणं होतं की गाडग्यातून सांडलेलं, हे आता कुणालाच कळणार नाही.

पोरांनो, काही सापडलंच तर हात आवरा. आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. धुवू नका, पुसू नका, सावलीत वाळू द्या. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको, त्यानं धातू बिघडतो. पाकिटावर तारीख, सर्वे नंबर, बांधापासूनची पावलं. बायकोला सांगा, रानमालकाला सांगा, डीसींना लिहा. हॉटेलात सांगू नका. आणि मशीन स्वस्तातलं घेतलं तरी चालेल.

माझं अजून आहे. मागच्या तुरीच्या राशीच्या वेळी शेजारच्या वहिनींच्या डोरल्याची वाटी खळ्यात पडली. भुसकटात पाव तासात सापडली. मातीनं माखलेली ती मी तशीच त्यांच्या हातावर ठेवली आणि तोंडून निघून गेलं, "वहिनी, पुसू नका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पदराला खसाखसा पुसली आणि दोऱ्यात ओवली.