आधी सीट, मग क्लच

पोरा, दुसऱ्याची गाडी हातात आली की लगेच सेल्फ मारू नको. सीटवर पाठ टेकवून बस आणि इंजिन बंद असतानाच क्लच तळापर्यंत दाब. दाबताना कंबर सरकली की सीट तुझ्या पायाला लांब पडते. पेडल पूर्ण खाली गेल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरायला हवा. हे सगळं रोजची चप्पल किंवा बूट घालूनच बघ, कारण जाड तळव्यानं अंतर बदलतं.

एका गाडीवर दोन ड्रायव्हर असले की एक उंच निघतो, एक ठेंगणा. सीटचा खटका गंजलाय म्हणून ठेंगणा बिचारा टोकावर बसून रात्र काढतो. खटक्याला ऑइल दे, सीट पुढे घे. स्टिअरिंग पोटाला लागायला लागलं तर सीट थोडी मागे ने आणि पाठीमागे टणक उशी पक्की बांध. गोधडीची घडी नको. जोर लावला की ती दबते आणि पाय पुन्हा अपुरा पडतो. पेडलवर लाकडी ठोकळा तर मुळीच बांधू नको. चांदसैली घाट उतरताना तो निसटून ब्रेकखाली गेला तर काय होईल, हे मी सांगायला नको.

एवढं करूनही पाय पुरला नाही, तरच मिस्तरीकडे जा. पण तो काय करतोय ते उभं राहून बघ. पेडल दोन बोटांनी दाबलं की आधी ते विनाजोर खाली जातं, मग जड लागतं. ती सुरुवातीची मोकळी चाल म्हणजे क्लचचा जीव आहे. पायाला कमी दाबावं लागावं म्हणून रॉड लांब करून ही चालच संपवणारे भेटतात. मग रिलीज बेअरिंग कायम टेकून फिरते आणि प्लेट पुरती आवळली जात नाही. तेलाच्या क्लचमध्ये तर मास्टर सिलिंडरचं तेल परतायचं भोकच बंद राहतं. तेल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही, आणि पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो. सकाळी नंदुरबारच्या बाजारात मिरची भरून निघताना काही कळत नाही. दुपारी कोंडाईबारी घाट चढताना इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही, आणि जळका वास यायला लागतो.

चाल किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. फूटपट्टी लावूनच मोज. काही नव्या गाड्यांत ती आपोआप जुळते, तिथे पाना लावूच नको. बाकीच्यांत चेकनट सोडण्याआधी त्याच्या जागेवर रंगाची खूण कर, अर्धा-अर्धा आटाच फिरव, आणि पेडलची उंची बदलली तर चाल पुन्हा मोज. मग सपाट जागी चाकाला ओट लाव, हँडब्रेक ओढ, इंजिन चालू कर. क्लच दाबून थोडा थांब आणि रिव्हर्स टाक. गिअर करकरला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. चाल जास्त राहिली असेल किंवा तेलात हवा शिरली असेल.

उसाच्या हंगामात पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर रांग हळूहळू सरकते. तिथे क्लचवर पाय ठेवून बसू नको. न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ, पाय खाली घे. हंगाम उतरला की चाल परत मोज. प्लेट झिजते तशी ती आपोआप कमी होत जाते.