सोनोग्राफी नॉर्मल आली तरीही

पोटाला मार लागलेल्या मुलाची तातडीने केली जाणारी सोनोग्राफी, जिला वैद्यकात ‘फास्ट’ म्हणतात, मुख्यतः पोटात रक्त साचले आहे का एवढेच शोधते. परंतु सायकलवरून वा दुचाकीवरून पडलेल्या मुलाला वसई-विरारमध्ये प्रथम जवळच्या लहान रुग्णालयात नेले जाते, तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढे ऐकून घरचे निर्धास्त होतात, आणि धोका तेथेच सुरू होतो.

या तपासणीत यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधली फट, प्लीहेभोवतीची जागा, मूत्राशयामागचा भाग आणि हृदयाचे आवरण पाहिले जाते, व साचलेले रक्त पडद्यावर काळ्या पट्टीसारखे दिसते. मूत्राशय भरलेले असल्यास त्यामागचे रक्त स्पष्ट दिसत असल्याने मुलाला आधीच लघवीला नेऊ नये; नंतर मात्र ती लघवी रक्तासाठी अवश्य तपासावी. यकृत किंवा प्लीहा फाटूनही रक्त अवयवाच्या आवरणातच राहिले, तर ही पट्टी दिसतच नाही. कॅलिफोर्नियात 925 मुलांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाब स्थिर असलेल्या मुलांत या तपासणीमुळे सीटी स्कॅनचे प्रमाणही लक्षणीय घटले नाही.

सर्वांत फसवा मार सायकलच्या हँडलचा. त्याचे टोक पोटात रुतते, कातडीवर जेमतेम नाण्याएवढा गोल वळ उमटतो, आणि आत स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पाठीच्या कण्यावर चिरडला जातो; मूल त्या दिवशी हसत-खेळत असते आणि उलट्या कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. असा वळ दिसलेल्या मुलाला, सोनोग्राफी काहीही सांगो, दाखल करून पुन्हा पुन्हा तपासणे हेच योग्य. मुलांचा रक्तदाब बरेच रक्त गेल्यावरच उतरतो, म्हणून वाढलेली नाडी आणि गार पडलेले हातपाय यांना आकड्यापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

उलट, रक्त दिसले म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, ही समजूतही चुकीची आहे. भारतीय बालशल्यचिकित्सक पुरुषोत्तम उपाध्याय यांनी टोरांटोतील अनुभवावरून 1968 साली फाटलेली प्लीहा न काढताही भरून येते असे दाखवून दिले, आणि आज स्थिर मुलांत बहुतांश वेळा हाच मार्ग घेतला जातो.

एक अडचण येथील व्यवस्थेची आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे, जो योग्यच आहे, सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीकृत जागेशी बांधलेले असते व मनास येईल तेथे नेता येत नाही. म्हणून रात्री यंत्र, ते पाहणारा डॉक्टर आणि मुलांवर शस्त्रक्रिया करणारा सर्जन कोठे मिळेल, हे पालकांनी आधीच विचारून ठेवावे. महामार्गावरून वसईची खाडी ओलांडून परळचे वाडिया रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ वाहतुकीवर अवलंबून असतो.

घरी सोडलेल्या मुलाला उलटी, वाढती पोटदुखी, खांद्यात दुखणे, लघवीत रक्त किंवा गळून जाणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये, खायला देऊ नये, आणि आधीचा रिपोर्ट सोबत घेऊन लगेच निघावे.