मनगटावरची थरथर कुणाच्या ताब्यात?

प्रश्न : चाकणमध्ये प्रेस शॉपला आहे. सेकंड शिफ्ट करून घरी आलो तरी छातीत धडधडत राहतं, झोप येत नाही. मनगटावर हलकं थरथरून श्वास संथ करायला लावणारं घड्याळ घे, असं मित्र सांगतो. दिवसभर प्रेसचे हादरे सोसणाऱ्याला आणखी एका थरथरीनं बरं कसं वाटेल?
– एक वाचक, मोशी

उत्तर : शंका रास्त आहे. फरक पडतो तो थरथर कुणाच्या ताब्यात आहे, यानं.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही लोकांना अवचित, कर्कश आवाज ऐकवले. त्यातल्या काहींना एक बटण दिलं होतं : असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतरच्या कामात त्यांच्या चुका बटण नसलेल्यांपेक्षा कमी झाल्या. आवाज थांबवता येईल, एवढी जाणीवच त्यांना पुरली. प्रेसला, लाइनच्या बजरला, तळेगाव चौकातल्या ट्रकच्या हॉर्नला तुमच्याकडे असं बटण नाही.

टेंपल ग्रँडिन या स्वमग्न मुलीनं त्याच दशकात, अठराव्या वर्षी, सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर पाहिलं, की लस टोचताना दोन फळ्यांमध्ये धरलेली काही गुरं शांत होतात. तिनं स्वतःसाठी तसंच दाब देणारं यंत्र बनवलं. दाब किती हवा, कधी सोडायचा, ते ठरवणारी कळ तिच्याच हातात होती. माझ्या मते तिच्या रचनेचं मर्म या कळीत आहे.

घड्याळाची कळही तुमच्याच हातात असते. पण ते स्वतः काही शांत करत नाही, फक्त ठेका धरतं. श्वास घेताना हृदय जरा वेगानं चालतं, सोडताना मंदावतं. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड उतरू लागते. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. ही मोजणी फुकट आहे, आधी आठवडाभर तीच करून पाहा. पुण्याहून निघणाऱ्या लोकलच्या शेवटी, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभारलं आणि क्ष-किरण व दाबमापक लावून योगक्रियांचा अभ्यास केला. श्वासाकडे यंत्रानं पाहणं आपल्याकडे नवं नाही.

घड्याळ घेतलंच, तर एका स्पर्शात बंद होणारं, आवाज न करणारं घ्या. नाडीचे आकडे सतत दाखवणारं मात्र नको. घाबरलेला माणूस आकडा पाहून आणखी घाबरतो. चालू प्रेसवर ते वापरू नका, तिथे लक्ष हातांवरच हवं. आणि कानात इअर प्लग हवेतच. नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, ती पाळली जाते का, हे सेफ्टी ऑफिसरला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर घड्याळाआधी डॉक्टर गाठा. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावा. तो रात्रीही चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं.