जिममध्ये लाज का वाटते? मोठ्या वयातल्या नवशिक्यांसाठी पहिलीचे धडे



आजचा विषय भाषेचा नाही, गणिताचाही नाही. तरी तो आपल्या वर्गाच्या फार जवळचा आहे. आता तालुक्याच्या गावातही दोन-तीन जिम झाल्या आहेत. नवीन वर्ष लागलं किंवा रक्ताचा रिपोर्ट हातात आला, की आपण तिथे जाऊन तीन महिन्यांची फी भरतो. चार दिवस जातो. पाचव्या दिवसापासून कारणं सुरू होतात: पाहुणे आले, पेपर तपासायचे आहेत, पाठ धरली. खरं कारण बरेचदा वेगळं असतं आणि ते आपण घरीसुद्धा सांगत नाही. तिथे गेल्यावर लाज वाटते.

ही लाज कुठून येते, ती कशी कमी होते आणि आपल्या मुलांच्या बाबतीत त्यातून काय शिकायचं, ते क्रमाने पाहू.

१) ही लाज नेमकी कशाची?

थोडं बारकाईने पाहिलं तर तिचे तीन प्रकार दिसतात.

पहिली शरीराची. सुटलेलं पोट, बारीक दंड, जिना चढताना लागणारा दम एरवी कपड्यांखाली झाकला जातो. जिममध्ये चारही बाजूंनी आरसे असतात.

दुसरी माहिती नसल्याची. मशिनवर बसायचं कुठल्या बाजूने? पिन कुठे लावायची? विचारलं तर लोक हसतील, न विचारता केलं तर चुकेल.

तिसरी पदाची, आणि ती आपल्या पेशाला जास्त जाचते. गावात आपण सर किंवा बाई असतो. ज्याला आपण पाढे शिकवले तो मुलगा आता मोठे डंबेल्स घेऊन बसलेला असतो आणि विचारतो, "सर, तुम्ही इथे?" त्याला खरं तर आनंदच झालेला असतो. आपल्याला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं. रोज शिकवणाऱ्याला अचानक 'मला येत नाही' म्हणणं जड जातं.

२) सगळे खरंच आपल्याकडे बघतात का?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला दिला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर त्याला विचारलं, "किती जणांनी तुझा टी-शर्ट ओळखला असेल?" असे टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज सरासरी जवळजवळ निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात पाव लोकांनीच तो ओळखला होता.

म्हणजे आपल्यावर जेवढा प्रकाशझोत आहे असं आपल्याला वाटतं, त्याच्या निम्माच असतो. जिममधला माणूस तर स्वतःचे आकडे मोजत असतो, मोबाइल बघत असतो किंवा आरशात स्वतःलाच न्याहाळत असतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'कुणीच बघत नाही' हेही पूर्ण खरं नाही. काही ठिकाणी टोमणे मारले जातात, स्त्रियांकडे रोखून पाहिलं जातं. अशा वेळी 'आपणच जास्त विचार करतोय' अशी स्वतःची समजूत घालू नका. बॅच बदला, व्यवस्थापकाला स्पष्ट सांगा, नाहीतर जिम बदला. वागणं त्यांचं चुकीचं आहे, त्याची लाज आपण बाळगायची नाही.

३) लोक असले की हमखास का चुकतं?

वर्गात पाठ म्हणणारं मूल तपासणी अधिकारी आले की अडखळतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1965 साली याचं स्पष्टीकरण मांडलं: समोर कुणी असलं की सरावाचं, सोपं काम अधिक चांगलं होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. पुढे त्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केला. इतर झुरळं 'प्रेक्षक' असताना सरळ वाटेवरचं झुरळ जास्त वेगाने पळालं. वाट वळणाची असली की मात्र त्याला जास्त वेळ लागला.

म्हणून नवशिक्याचे हातपाय जिममध्ये गोंधळले, तर तो त्याचा नालायकपणा नव्हे. काम नवं आहे आणि माणसं भोवती आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उपायही त्यातूनच मिळतो. पहिले पंधरा दिवस गर्दी नसलेली वेळ निवडा. दोन-तीन हालचाली घरी आरशासमोर, वजनाशिवाय बसवून घ्या. हालचाल सरावाची झाली की हीच गर्दी तेवढी जड वाटत नाही.

४) 'मला जमेल' हा विश्वास येतो कुठून?

आपण मुलांना सहज म्हणतो, "आत्मविश्वास ठेव." पण तो आणायचा कुठून? अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 साली याचे चार स्रोत सांगितले. जिमला ते असे लागू पडतात.

स्वतःचं यश : हा सर्वांत मोठा स्रोत. त्यासाठी यश मिळेल एवढंच छोटं काम घ्यावं लागतं. अध्यापनाची सूत्रं आठवा: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे. पाटावरून उठणं-बसणं आपल्याला येतं, तोच स्क्वॉटचा पहिला धडा. ऑलिंपिक प्रकारच्या मोठ्या बारचंच वजन 20 किलो असतं, त्यामुळे रिकामा बार उचलण्यात किंवा त्याहून हलक्या दांड्याने सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

आपल्यासारख्याचं यश पाहणं : पिळदार शरीराच्या तरुणाकडे पाहून धीर येत नाही, उलट खचायला होतं. आपल्याच वयाच्या, सहा महिन्यांपूर्वी सुरुवात केलेल्या माणसाशी ओळख करून घ्या.

विश्वासू माणसाचे शब्द : "वा, छान" यापेक्षा "आज पाठ सरळ राहिली" हे जास्त उपयोगी. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून टाका, "मी नवीन आहे, एक-एक दाखवा." हे वाक्य म्हणायला जड जातं, पण पुढची निम्मी भीती तिथेच संपते.

शरीराच्या खुणांचा अर्थ : व्यायामाने वाढलेली धडधड आणि घाबरल्याची धडधड सारखीच वाटते. तसंच, नव्या व्यायामानंतर स्नायू दुखतात आणि ते दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. अनेक जण नेमके तिथेच थांबतात, "हे आपल्या शरीराला झेपणारं नाही" म्हणतात. असं दुखणं काही दिवसांत जातं. मात्र सांध्यात तीव्र कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधीच सल्ला घ्यावा.

अजून एक दिलासा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंचा अधिक चांगला वापर करायला शिकतात म्हणून. आरशात काहीच बदल दिसत नसतो, पण आत शिकणं चालू असतं. अक्षर ओळखायला लागलेलं मूल लगेच पुस्तक वाचत नाही, तसंच हे.

५) पैलवानही कधीतरी नवखा असतो

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले तयार मल्ल होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र कुस्ती गादीवर होती, आंतरराष्ट्रीय नियमांनी होती. तिथे ते नवखे होते. त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी, 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतला नामांकित मल्ल गादीवर पुन्हा शिकाऊ होऊ शकतो, तर वर्गातल्या सर-बाईंनी डंबेल्ससमोर शिकाऊ व्हायला काय हरकत आहे?

६) आता आपल्या मुलांकडे वळू

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 5 ते 17 वयाच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटं शारीरिक हालचाल व्हायला हवी. मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. पण खेळाच्या तासाला ज्याचं नेमकं पोट दुखतं, असं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याचं दुखणं आपण वर पाहिलेलंच असू शकतं. त्याच्यासाठी एवढं करता येईल:

• दोन कॅप्टननी एकेक गडी निवडण्याची पद्धत बंद करा. तेच मूल रोज शेवटी उरतं. 'एक-दोन, एक-दोन' म्हणत गट पाडा.
• नवी कृती सगळ्यांना एकदम करू द्या. ज्याला येत नाही त्याला एकट्याला पुढे उभं करू नका.
• दोरीवरच्या उड्यांची नोंद मुलाच्या स्वतःच्या वहीत ठेवा. काल आठ, आज अकरा. शेजाऱ्याच्या चाळीस उड्यांशी तुलना नको.
• पालकांनो, घरात लाडाने म्हटलेलं 'जाड्या' किंवा 'काडी पैलवान' मूल मैदानावर सोबत घेऊन जातं.

समारोप

लाज पूर्ण गेली की मग जिमला जाऊ, असं ठरवलं तर तो दिवस येत नाही. लाज वाटत असतानाच छोटं काम करायचं, ते जमलं की ती थोडी कमी होते, मग पुढचं काम. पहिलीच्या मुलांना आपण जूनपासून हेच तर सांगत असतो.

आपल्यासाठी उपक्रम : या महिन्यात स्वतःला अजिबात येत नसलेली एक शारीरिक गोष्ट शिकायला घ्या. जिम, पोहणं, सूर्यनमस्कार, काहीही चालेल. पंधरा दिवस रोज दोन ओळी लिहा: आज कुठे लाज वाटली? कुणाच्या कोणत्या शब्दाने धीर आला? ती वही वाचून झाली की आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाशी कसं बोलायचं, ते आपल्याला अधिक नेमकं कळेल.