जुन्या मोटारीची तेलगळती : शोध आणि उपाय

मोटार रात्रभर उभी होती त्या जागी सकाळी तेलाचा काळा डाग दिसला, की मंडळी बहुधा दोनच गोष्टी करतात. एक तर डागाकडे दुर्लक्ष करतात, नाही तर मिस्त्रीला बोलावून ‘पॅकिंग बदला’ असे सांगतात. परंतु तेल आले कोठून, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर पद्धतशीरपणे कसे शोधावे, ते आपण पाहू.

इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. त्यामुळे धातूवर धातू घासत नाही. शिवाय तेल उष्णताही वाहून नेते. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाट लागतो. चढावर इंजिनावरील भार वाढतो आणि तळाच्या सम्पमधील तेल एका बाजूस सरकते. ते आधीच कमी असेल, तर पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंगे जळतात. थोड्या खर्चाच्या पॅकिंगची हयगय केल्यामुळे सगळे इंजिन उघडण्याची पाळी येते, ती अशी. गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडले, तर आगीचेही भय असते.

शोधाची पहिली पायरी म्हणजे मोजमाप. गाडी सपाट जागी उभी करावी व इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. खाली डाग नसूनही तेल कमी होत असेल आणि मागून निळसर धूर येत असेल, तर तेल गळत नसून आत जळत आहे, असे समजावे.

दुसरी पायरी स्वच्छतेची. तेल वरून खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथे थेंब पडतो तेथेच गळती असते असे नव्हे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, जवळपास विस्तव नसताना, रॉकेल व ब्रश यांनी ते धुऊन कोरडे करावे. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. ओल्या पावडरीचा सर्वांत वरचा पट्टा हेच गळतीचे उगमस्थान होय.

ते वरच्या रॉकर कव्हरपाशी असेल, तर कॉर्कचे पॅकिंग उष्णतेने कडक झालेले असते. दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावेत, नवे पॅकिंग बसवावे व नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. फार आवळल्यास कॉर्क चिरडतो, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. सम्पच्या बोल्टलाही हाच नियम लागू आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

कधी नवे पॅकिंग बसवूनही तेल येतच राहते. अशा वेळी ब्रीदर तपासावा. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली उतरतो; तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. नळी काजळीने तुंबली, तर आतला दाब तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलतो. नळी साफ केली की अनेकदा गळती आटोक्यात येते.

२०१४ साली उत्पादन थांबलेल्या अँबॅसिडरचे उदाहरण घ्या. तिचे जुने १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिन ब्रिटिश बी.एम.सी. आराखड्याचे आहे. या जातीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागील टोकास रबरी सील नसून उलट आट्यांची खाच असते. शाफ्ट फिरताना ती तेल आत परतविते. तेथे किंचित पाझर असणे रचनेतलेच आहे. परंतु ब्रीदर तुंबला, किंवा रिंगा झिजून दाब वाढला, की पाझराची धार होते. ब्रीदर साफ करूनही ती थांबली नाही, तर गियरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम जाणत्या मिस्त्रीचेच.

काढलेले जुने तेल गटारात वा शेतात ओतू नये. माती आणि विहिरीचे पाणी दोन्ही बिघडतात. ते डब्यात भरून गॅरेजवर द्यावे.

डाग हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. आधी पाहावे, मग विचार करावा आणि शेवटी पाना हाती घ्यावा. हाच क्रम प्रयोगशाळेतही उपयोगी पडतो.