कात

(साप कात टाकतो, हे आपण ऐकलेले असते. ही कात म्हणजे काय आणि साप ती का टाकतो, हे या पाठात एका प्रसंगातून सांगितले आहे.)

शाळा सुरू होऊन आठच दिवस झाले होते. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. उन्हाने तापलेली सोलापूरची जमीन थोडी निवली होती. मधल्या सुट्टीत सगळी मुले मैदानात पळाली. सातवीतला एक मुलगा मात्र बाकावरच बसून राहिला.

मी जवळ जाऊन विचारले, "काय रे, बरे वाटत नाही का?"

तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, माझा साप आंधळा झाला!"

मी चकित झालो. हळूहळू त्याने सारे सांगितले. चार दिवसांपूर्वी घराच्या भिंतीच्या फटीतून एक लहान साप बाहेर आला. अब्बा यंत्रमागावर कामाला गेले होते. अम्मी स्वयंपाकात होती. याने काठीने साप एका डब्यात ढकलला आणि तो पाळायचे ठरवले.

"सर, तो तपकिरी आहे. अंगावर पांढरे पट्टे आहेत. आधी त्याचे डोळे काळे, चमकदार होते. आता दुधासारखे झाले आहेत. अंगही मळकट दिसते. तो काही खात नाही. मी दूध ठेवले, तेही पीत नाही. आज मी त्याची मळकी कातडी ओढून काढणार आहे."

"डब्याला मुळीच हात लावू नकोस!" मी म्हणालो. लगेच वन विभागाच्या कार्यालयाला दूरध्वनी केला. शाळा सुटल्यावर एका सर्पमित्राला बरोबर घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो.

सर्पमित्राने डबा सावधपणे उघडला. साप नीट पाहून ते म्हणाले, "हा कवड्या आहे. हा बिनविषारी असतो. घरातल्या पाली खायला येतो. पण मण्यार नावाचा साप जवळजवळ असाच दिसतो. त्याच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. तो अतिशय विषारी आहे. झोपेत मण्यार चावला, तर कधी कधी माणसाला कळतही नाही. बाळ, तू याला डब्यात भरलेस, तेव्हा हा फरक तुला माहीत होता का?"

मुलाने मान खाली घातली. अम्मीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"आणि त्याचे डोळे?" मुलाने हळूच विचारले.

"डोळे ठीक आहेत. तो कात टाकणार आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना समजावून सांगितले. उर्दूत जिला केंचुली म्हणतात, तीच मराठीतली कात. आपली नखे आणि केस ज्या पदार्थाचे बनलेले असतात, त्याच प्रकारच्या पदार्थाचा थर सापाच्या कातडीवर असतो. हा थर निर्जीव असतो. साप वाढतो, पण हा थर वाढत नाही. शिवाय जमिनीवर घासून तो झिजतो. म्हणून त्याच्याखाली नवा थर तयार होतो. जुन्या व नव्या थरांच्या मध्ये पातळ द्रव साठतो. त्यामुळे सापाचे अंग फिके दिसते.

सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो. द्रव या खवल्याखालीही येतो, म्हणून डोळा दुधाळ, निळसर होतो. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो आडोशाला पडून राहतो. सहसा खात नाही. कोणी डिवचले, तर लवकर चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत साप आपले तोंड दगडावर किंवा खरखरीत लाकडावर घासतो. ओठांपाशी कात सुटते. मग साप पुढे सरकतो आणि पायातला मोजा उलटा होऊन निघावा, तशी कात उलटी होत निघते.

"मी ती ओढली असती तर?" मुलाने विचारले.

"खालची कोवळी कातडी फाटली असती. डोळ्यालाही इजा झाली असती. हवा फार कोरडी असली, तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाला तिचे कडे अडकून राहिले, तर तिथला रक्तपुरवठा बंद पडू शकतो. म्हणून साप या दिवसांत ओलसर जागा शोधतो. तुझ्या कोरड्या डब्यात ती कुठून मिळणार? आणि दूध तर सापाचे अन्नच नव्हे."

एक मुलगी म्हणाली, "सर, कात टाकली की साप पुन्हा तरुण होतो, असे माझी दादी म्हणते."

"नाही. कातडीचा वरचा थर नवा होतो, साप नाही. लहान साप लवकर वाढतात, म्हणून ते वारंवार कात टाकतात. मोठे साप वर्षातून मोजक्याच वेळा टाकतात. आपल्याही कातडीचे बारीक कण रोज गळत असतात. ते इतके लहान असतात, की आपल्याला दिसत नाहीत."

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले साप घरी पाळायला मनाई आहे, हेही मी सांगितले. साप पाहायचे असतील, तर पुण्याजवळ कात्रजला सर्पोद्यान आहे. तिथे काचेआडून ते सुखाने पाहता येतात.

सर्पमित्राने वन विभागाला कळवून तो साप ओलसर कापड आणि दगड ठेवलेल्या पेटीत ठेवला होता. पाच दिवसांनी ते शाळेत आले. साप त्यांनी मोकळा सोडला होता. हातात होती फक्त त्याची कात. पांढुरकी, पातळ आणि अखंड. पट्टे तिच्यावर अगदी पुसट होते, कारण रंग खालच्या जिवंत थरात राहतो.

सगळी मुले भोवती जमली. तो मुलगा खाली वाकून कातेचे डोके बराच वेळ पाहत होता. तिथे दोन गोल, स्वच्छ खवले चमकत होते.

"सर, डोळ्यांवरचे खवलेसुद्धा निघाले!" तो आनंदाने ओरडला. "म्हणजे आता त्याला दिसत असेल!"

शब्दार्थ
निवणे – थंड होणे
रडवेला – रडण्याच्या बेतात असलेला
बिनविषारी – विष नसलेला
आडोसा – लपण्याची जागा
डिवचणे – त्रास देऊन चिडवणे
इजा – दुखापत
अखंड – न तुटलेली

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने साप कशात ठेवला होता?
(आ) कवड्यासारखा दिसणारा विषारी साप कोणता?
(इ) कात उलटी का निघते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळ दिसतात.
(आ) लहान साप वारंवार कात टाकतात.
(इ) कातेवर सापाचा रंग पुसट असतो.

प्र. ३. 'कात टाकणे' म्हणजे जुने सोडून नवे रूप घेणे, असाही अर्थ होतो. उदा. रंग दिल्यावर आमच्या शाळेने कात टाकली. या वाक्प्रचाराचा तुमच्या वाक्यात उपयोग करा.

प्र. ४. चेहऱ्याचा रंग उडणे, मान खाली घालणे – अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरात साप निघाल्यास काय करावे, याच्या पाच सूचना मराठीत व उर्दूत लिहून वर्गात लावा.