पाच पदांवर विसंबू नकोस

चि. सानिका,


तुझ्या सूत्राची पहिली पाच पदं मूळ संख्या निघाली, म्हणून तू वहीत ‘सिद्ध झालं’ असं लिहिलंस, आणि सहावं पद आता संगणकाला तपासायला देणार आहेस. जरा थांब. त्याआधी ४,२९,४९,६७,२९७ या संख्येशी ओळख करून घे.

२ च्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या घातात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ येतात. पाचही मूळ. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्माने १६४० साली कळवलं. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. पुढची संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, तीच ही. १७३२ साली ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. दुसरा अवयव ६७००४१७.

आता नीट वाच. सरळ भागत बसलीस तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या तुझ्यासमोर आहेत. पण एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर तिने २ च्या ३२व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ उरायला हवी, म्हणजे ६४व्या घाताची बाकी १. त्याआधी कुठल्याच घाताला १ उरत नाही (का, ते तू शोध). आणि विभाजक मूळ असेल तर त्याहून एकने लहान असलेल्या घाताची बाकीही १ असते. म्हणून विभाजकातून १ वजा केला की ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर हातात!

घातांच्या बाकीचा हा नियम फर्माचाच, तोही १६४० मधलाच. हत्यार त्याच्याजवळ होतं आणि या संख्येवर ते चाललं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

६४१ चा भागाकारही टाळता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून ५ × २ चा सातवा घात याची बाकी उणे १; चौथा घात घेतलास की ५ चा चौथा घात × २ चा २८वा घात याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेव, की उणे २ चा ३२वा घात याची बाकी १ झाली. इतकं देखणं गणित रोज भेटत नाही. ते स्वतःच्या हाताने मांडून बघ.

मग वहीतलं ‘सिद्ध झालं’ खोडून तिथे ‘असावंसं वाटतं’ असं लिही. तुझ्या सहाव्या पदाचा मूळ विभाजक असलाच, तर तो कोणत्या रूपाचा असेल, ते आधी कागदावर काढ. संगणक त्यानंतर लाव. काय निघालं ते कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा